फ्लिटच्या पंपाचा ताल

भाची : मामा, तू सांगितलेला तो ब्राझीलचा अल्बम ऐकला. ओस मुटांटेसचा, १९६८ चा. पहिल्याच गाण्यात फाइल खराब आहे असं वाटून मी ती परत डाउनलोड केली.

मामा : फाइल चांगली आहे. गाणं मध्येच मंदावतं, सूर घसरत घसरत खाली जातो आणि बंद पडतो, तिथंच थांबलीस ना? ते मुद्दाम केलंय. फिरत्या टेपचा वेग कमी केला की स्वरही उतरतो. वेग निम्मा झाला तर स्वर थेट एक सप्तक खाली येतो. त्या काळी ऐकणाऱ्याला वाटणार, रेकॉर्ड प्लेअरचा प्लगच कुणीतरी ओढला. तो उठून बघायला जाणार, तोवर गाणं पुन्हा सुरू. पुढे जेवणाच्या टेबलावरचे आवाज आहेत, ते ऐकलेस?

भाची : हो. काटे-चमचे, बोलणी, आणि मागे कुठलीतरी वॉल्ट्झ.

मामा : स्ट्राउसची ‘ब्लू डॅन्यूब’. जिल्बेर्तो जिल आणि काएतानो वेलोझो यांचं हे गाणं आहे ‘पानिस एत सिर्सेन्सेस’. बाहेर काहीही होवो, ज्यांचं जेवण थांबत नाही अशा माणसांबद्दल. मग गाण्याच्या आत जेवणच आणून बसवलं. ब्राझीलमध्ये १९६४ साली लष्करानं सत्ता घेतली होती. टेबलाबाहेर काय चाललं होतं, ते वेगळं सांगायला नको.

भाची : ते पटलं. पण एक विचारू? मला सारखे बीटल्स आठवत होते. ‘सार्जंट पेपर’ आलं १९६७ मध्ये, हा अल्बम त्याच्या पुढच्या वर्षीचा. म्हणजे नक्कलच की!

मामा : आलीस वळणावर! ‘नक्कल’ म्हणून शिक्का मारला की ऐकायचे कष्ट वाचतात. आमच्या तरुणपणी एका संगीत मंडळात मी गिटार घेऊन गेलो, तर तार छेडायच्या आधीच सांगितलं, हे परकं वाद्य इथं नको. आणि हे सांगणाऱ्यांच्या पुढ्यात काय होतं? पेटी! ती युरोपातून आली. आकाशवाणीनं १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली होती, तरी तिच्यावाचून आपलं नाट्यसंगीत उभं राहील का? पण नाही, पेटी आपली आणि गिटार...

भाची : मामा, ब्राझील.

मामा : तिथंही हेच झालं. १७ जुलै १९६७ ला साओ पावलोत इलेक्ट्रिक गिटारविरुद्ध मोर्चा निघाला. एलिस रेजिनासारखी मोठी गायिका त्यात होती. आणि खुद्द जिल्बेर्तो जिलही होता.

भाची : ज्यानं यांना गाणं दिलं, तोच?

मामा : तोच. आणि ऑक्टोबरमध्ये टीव्ही रेकॉर्ड वाहिनीच्या गीतमहोत्सवात तोच जिल या पोरांना, त्यांच्या गिटारींसकट, स्टेजवर घेऊन आला. ‘दोमिंगो नो पार्के’ हे त्याचं गाणं. एका तारेचं बेरिंबाउ, ऑर्केस्ट्रा आणि इलेक्ट्रिक गिटार, सगळं एकत्र. दुसरा नंबर आला. वाद्यमेळ रोजेरियो दुप्रातचा होता. तो युरोपात जाऊन नवसंगीत शिकून आलेला चेलोवादक. या अल्बमचा वाद्यमेळही त्याचाच.

भाची : आणि ही पोरं म्हणजे?

मामा : रिता ली, आर्नाल्दो बाप्तिस्ता आणि त्याचा धाकटा भाऊ सेर्जियो दियास. अल्बम आला तेव्हा रिता वीस वर्षांची, आर्नाल्दो एकोणीसचा, सेर्जियो सतरा. थोरला भाऊ क्लाउदियो सेझार बँडमध्ये नव्हता, पण गिटार आणि आवाज फाडणारी यंत्रं तो स्वतः बनवायचा. ‘आ मिन्या मेनिना’मध्ये गिटार कशी करवतीसारखी चालते ते ऐक. ते गाणं जॉर्ज बेनचं, आणि तो स्वतः त्यांच्यासोबत त्यात आहे.

भाची : तेही ठीक. पण परदेशी बँडसारखा आवाज, हातानं बनवलेल्या गिटारीतून काढला तरी तो परदेशी बँडसारखाच ना?

मामा : तू एकाच खुंटीला बांधून घेतलंयस. बरं, आठवं गाणं ऐकलंस? ‘ल प्रमिए बोनर द्यु जुर’. फ्रांस्वाज आर्दीनं गायलेलं फ्रेंच गाणं, यांनी फ्रेंचमध्येच गायलं. म्हणजे तुझ्या हिशेबात नकलेची हद्द. त्यात ताल कशावर धरलाय?

भाची : हाय-हॅट असेल. फुस्स फुस्स असं काहीतरी...

मामा : हाय-हॅट नाही. तो फ्लिटचा पंप आहे.

भाची : डास मारायचा?

मामा : तोच, दांडा मागेपुढे करायचा. हाय-हॅटचा आवाज म्हणजे पितळेवरची छोटी ‘त्स’. पंपाच्या फुसकाऱ्याला धातूची धार नाही. तो श्वासासारखा येतो, थोडा ओला, आणि प्रत्येक वेळी शेवटी जरा ओढला जातो. तेवढ्यानं ते नाजूक फ्रेंच गाणं पॅरिसमधून उठून डासांच्या मुलखात येतं. ही गोष्ट कुठल्या बीटल्सकडून उचलली, सांग.

भाची : नाही सांगता येणार.

मामा : १९२८ मध्ये ओस्वाल्द दे आंद्राद नावाच्या ब्राझिलियन लेखकानं एक जाहीरनामा लिहिला. त्याचं म्हणणं असं की बाहेरच्या संस्कृतीला घाबरून दार लावू नये आणि तिच्या पायाही पडू नये. तिला खावं, पचवावं, आपल्या अंगी लावावं. काएतानो, जिल आणि हा बँड यांची जी चळवळ ‘त्रोपिकालिया’ म्हणून ओळखली जाते, तिनं हा विचार चाळीस वर्षांनी पुन्हा हाती घेतला.

भाची : मग ‘तेंपो नो तेंपो’चं काय? ते मूळ मामाज अँड पापाजचं. मी दोन्ही लागोपाठ ऐकली. शब्द पोर्तुगीज झाले, बाकी फारसं बदललं नाही.

मामा : हे बरोबर पकडलंस. तिथं पचलेलं नाही, नुसतं गिळलंय. पण त्याच अल्बमवर ‘आदेउस मारिया फुलो’ आहे. ती ईशान्य ब्राझीलची जुनी चाल, सिवुका आणि उंबेर्तो तैशेइरा यांची. तिच्याशीही ते तितक्याच मोकळेपणानं खेळलेत. परक्याला लुटलं आणि आपल्याला देव्हाऱ्यात बसवलं, असं त्यांनी केलं नाही. ‘बात माकुंबा’ बघ. ओळ एकेक अक्षर गमावत पार आखडते आणि तशीच परत वाढत जाते. साओ पावलोच्या काव्यप्रयोगांमधून आलेली युक्ती आहे ती, आणि तिच्यावर नाचताही येतं.

भाची : लष्कराला या खेळानं काय फरक पडला?

मामा : लष्कर हटलं नाही. उलट १३ डिसेंबर १९६८ ला पाचवा संस्थात्मक आदेश निघाला, संसद बंद झाली, आणि त्याच महिन्यात काएतानो आणि जिलला अटक झाली. पुढे त्यांना लंडनला जावं लागलं. पण या मुलांवर दोन्हीकडून दडपण होतं, हे विसरू नकोस. सप्टेंबरमध्ये साओ पावलोच्याच एका नाट्यगृहात काएतानो त्यांच्यासोबत गायला उभा राहिला, तर डाव्या विचारांच्या विद्यार्थ्यांनीच हुर्यो उडवली. श्रोत्यांनी पाठ फिरवली, तेव्हा बँडनंही श्रोत्यांकडे पाठ करून वाजवलं. सत्ताधारी सांगत होते गप्प बसा, विरोधक सांगत होते आमच्याच सुरात गा. त्या कोंडीत हा अल्बम झाला. त्यातला खेळकरपणा म्हणूनच मला थोर वाटतो.

भाची : मामा, मी हे खोदून विचारतेय कारण आमच्या बँडला परवा कुणीतरी म्हणालं, तुम्ही इंग्रजी बँडची झेरॉक्स आहात. आणि मला उत्तर देता आलं नाही.

मामा : मग आधीच सांगायचंस! उत्तर तोंडानं द्यायचंच नसतं. सुरुवातीला सगळेच नक्कल करतात. या तिघांनीही केली, एका गाण्यात तर ती अजून दिसतेय, तूच दाखवलीस. तुमचं प्रत्येक गाणं घ्या आणि विचारा, यात असं काय आहे जे त्या इंग्रजी बँडला सुचलंच नसतं? काही सापडलं, तर तिथून पुढे जा.

भाची : आणि काहीच सापडलं नाही तर?

मामा : तर म्हणणारा बरोबर होता, आणि तुम्हाला अजून काम आहे. त्यात लाज कसली? आता हा अल्बम पहिल्यापासून लाव. अकराही गाणी, क्रम न मोडता, आणि फोनच्या त्या टीचभर स्पीकरवर तर मुळीच नाही.