इंजिनातील पाणी जाते कोठे?
जुन्या मोटारीतील गळतीचा पद्धतशीर शोध

रोज सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी रेडिएटरमध्ये तांब्याभर पाणी ओतणे ही गोष्ट जुन्या मोटारींच्या बाबतीत इतकी अंगवळणी पडलेली असते की, कालचे पाणी गेले कोठे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः इंजिनातील शीतकरणाची यंत्रणा बंदिस्त असते. तिच्यातील पाणी वारंवार कमी होत असेल तर ते कोठून तरी बाहेर जात आहे, हे निश्चित. ही वाट एखाद्या सैल क्लिपची असेल तर दुरुस्तीस पाच मिनिटे पुरतात. ती इंजिनाच्या आतील असेल आणि तिच्याकडे दुर्लक्ष झाले, तर संपूर्ण इंजिन निकामी होऊ शकते. उलट, साध्या क्लिपच्या दोषासाठी इंजिन उघडले गेले तर पैसा आणि वेळ दोन्ही व्यर्थ जातात. म्हणून गळतीचा शोध अनुमानाने न घेता क्रमाने घेणे अगत्याचे आहे.

सन २०२३ च्या एप्रिलपासून १५ वर्षांवरील शासकीय वाहनांच्या नोंदणीचे सर्वसाधारणपणे नूतनीकरण होत नाही. तथापि, खासगी मालकीच्या जुन्या गाड्या योग्यता तपासणीनंतर पुनर्नोंदणी करून वापरता येतात. खेडोपाडी अशा गाडीवरच कित्येक कुटुंबांचा आणि प्रसंगी रुग्णाला तालुक्याच्या दवाखान्यात नेण्याचाही भार असतो. ती घाटाच्या मध्यावर वाफ सोडून उभी राहू नये, यासाठी तिच्या मालकाला आणि चालकाला ही माहिती असणे उपयुक्त ठरेल.

यंत्रणेची रचना

इंधनाच्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी सुमारे एक तृतीयांश उष्णता शीतक पाण्यामार्फत बाहेर टाकावी लागते. उदाहरणादाखल, उत्तरपाडा येथील कारखान्यात २०१४ पर्यंत तयार होत असलेली ॲम्बॅसेडर गाडी घेता येईल. तिच्या जुन्या १४८९ घनसेंटिमीटरच्या पेट्रोल इंजिनात ब्लॉक आणि हेड दोन्ही ओतीव लोखंडाचे असतात. पुढील बाजूस पट्ट्यावर फिरणारा पंप रेडिएटरच्या तळातील थंड पाणी ओढून ब्लॉकमध्ये ढकलतो. सिलिंडरांभोवती फिरून ते हेडमध्ये चढते, थर्मोस्टॅटमधून पुढे जाते आणि वरच्या रबरी नळीतून रेडिएटरमध्ये परत येते. या वाटेवरील प्रत्येक सांधा, प्रत्येक नळी आणि प्रत्येक गॅस्केट हे गळतीचे संभाव्य ठिकाण होय.

या रचनेत रेडिएटरच्या टोपीचे कार्य केवळ झाकणाचे नाही. टोपीतील स्प्रिंग यंत्रणेतील दाब ठराविक मर्यादेपर्यंत वाढू देते. टोपीवर ७ पौंड असा दाब असेल तर समुद्रसपाटीवर पाणी १०० ऐवजी सुमारे १११ अंश सेल्सिअसला उकळते. महाबळेश्वरसारख्या सुमारे १३५० मीटर उंचीवरील ठिकाणी उघड्या भांड्यातील पाणी ९६ अंशांच्या आतच उकळते, हे लक्षात घेतले म्हणजे घाट चढणाऱ्या गाडीला धड टोपीची किती गरज असते ते कळून येईल. टोपीचे रबर झिजले वा स्प्रिंग ढिली पडली, की कोठेही छिद्र नसताना पाणी बाहेरच्या बारीक नळीवाटे निघून जाते.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. तापलेल्या इंजिनाची टोपी कधीही उघडू नये. दाब नाहीसा होताच आतील पाण्याची एकाएकी वाफ होते आणि तोंड व हात गंभीररीत्या भाजतात. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. वरची नळी हाताला गार आणि मऊ लागल्यावरच टोपी काढावी.

प्रथम गळती आहे याची खात्री

जुन्या गाड्यांना पाण्याची जादा टाकी बहुधा नसते. अशा रेडिएटरमध्ये काठोकाठ पाणी भरले तर तापल्यावर ते प्रसरण पावून बाहेर पडते व पातळी दोन-तीन सेंटिमीटर खाली स्थिरावते. चालक पुन्हा काठोकाठ भरतो आणि पुन्हा तेवढेच पाणी बाहेर जाते. ही गळती नव्हे. म्हणून पातळी योग्य खुणेवर आणून पुढील काही दिवस केवळ निरीक्षण करावे. यासाठी एक लहानशी वही पुरेशी आहे. तीत दिनांक, धावलेले किलोमीटर, थंड स्थितीतील पातळी आणि घातलेले पाणी अशी चार घरे असावीत.

अशी नोंद किती बोलकी असते, ते पाहण्यासारखे आहे. समजा, सोमवारी सकाळी पातळी खुणेवर आणली आणि गाडी दिवसभर व रात्रभर उभी ठेवली. मंगळवारी सकाळी पातळी तशीच आढळली. त्या दिवशी गाडी ६० किलोमीटर धावली आणि बुधवारी सकाळी अर्धा लिटर पाणी कमी भरले. याचा अर्थ असा की, थंड व दाबरहित स्थितीत यंत्रणा पाणी धरून ठेवते, दाब आणि उष्णता आल्यावर मात्र सोडते. याउलट, उभ्या गाडीतच पाणी कमी होत असेल तर खालच्या बाजूची एखादी नळी, तळाची तोटी किंवा रेडिएटरची तळटाकी यांच्याकडे प्रथम पाहावे. अशा रीतीने हात काळे होण्यापूर्वीच शोधाचे क्षेत्र निम्म्यावर येते.

बाहेरील गळतीचा शोध

रात्री गाडीखाली पुठ्ठा किंवा वर्तमानपत्र पसरून ठेवावे आणि सकाळी डाग कोठे पडला ते पाहावे. कूलंटचा डाग बहुधा हिरवट वा तांबूस आणि बोटांना किंचित चिकट लागतो. इंजिन ऑइलचा डाग काळसर व तेलकट असतो. वातानुकूलित गाडीखाली पडणारे निव्वळ स्वच्छ पाणी हे हवेतील बाष्पाचे असते. त्याची चिंता करण्याचे कारण नाही. डागाची चव घेऊन मात्र कधीही पाहू नये. कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉल गोडसर परंतु विषारी असते. सांडलेले कूलंट कुत्री व गुरे चाटतात आणि त्यांच्या जिवावर बेतते. ते तत्काळ पुसून व धुऊन काढावे आणि मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे.

डाग पडतो तेथेच छिद्र असते असे नाही. पंख्याच्या वाऱ्याने पाणी मागे उडते आणि इंजिनाच्या कडेने वाहत जाऊन भलत्याच ठिकाणी ठिबकते. त्यामुळे ओलाव्याचा माग नेहमी खालून वर घ्यावा आणि जे सर्वांत वरचे व पुढचे ओले ठिकाण सापडेल ते उगम मानावे. गरम भागावर पडलेले पाणी वाळून जाते. परंतु मागे पांढरी, हिरवट किंवा गंजाची रेघ ठेवते. कोरड्या इंजिनावरील ही रेघ हाच महत्त्वाचा पुरावा होय.

तपासणीचा क्रम स्वस्त भागांपासून महाग भागांकडे असावा. टोपीचे रबर आणि तिची बैठक पाहावी. नळ्या दाबून पाहाव्यात. फुगलेल्या, लिबलिबीत अथवा भेगाळलेल्या नळ्या बदलाव्यात. क्लिपा घट्ट कराव्यात. रेडिएटरच्या टाक्यांचे डाग दिलेले सांधे व तळाची तोटी पाहावी. थर्मोस्टॅटच्या झाकणाखालील गॅस्केट तपासावे. ब्लॉकच्या बाजूस बसविलेली पत्र्याची गोल बुचे आतून गंजतात. त्यांच्या कडेला गंजाचा ओघळ दिसतो का ते पाहावे. गाडीत हीटर असल्यास त्याच्या नळ्या आणि पायाजवळील गालिचाची ओल विसरू नये.

पाण्याच्या पंपाला बहुधा खालच्या अंगास एक बारीक छिद्र असते. आतील सील खराब झाल्यावर पाणी बेअरिंगमध्ये न शिरता त्या छिद्रातून बाहेर यावे, अशी ती योजना असते. तेथून धार लागली असेल तर पंपाचे आयुष्य संपत आले, असे समजावे. हे छिद्र बुजविण्याचा मोह टाळावा. बुजविल्यास पाणी बेअरिंगमध्ये जाते. इंजिन बंद असताना पंपावरील पंखा हाताने हलवून पाहिल्यास बेअरिंगची ढिलाईही समजते. ज्या गाड्यांना विजेचा पंखा आहे, तेथे तो इंजिन बंद असतानाही सुरू होऊ शकतो, म्हणून बॅटरीची तार काढून ठेवावी.

एवढे करूनही ठिकाण सापडले नाही, तर गॅरेजमधील दाबपंपाचा उपयोग करावा. थंड इंजिनावर टोपीच्या जागी हा हातपंप बसवून टोपीवर लिहिलेल्या दाबाइतकीच हवा भरतात. जुन्या रेडिएटरचे सांधे उकलण्याचा धोका असल्यामुळे दाब त्याहून वाढवू नये. दहा-पंधरा मिनिटे काटा स्थिर राहिला तर थंड स्थितीत गळती नाही. काटा उतरला तर बॅटरी हाती घेऊन पाणी कोठे पाझरते ते शोधावे. काही गळत्या थंड असतानाच होतात, कारण धातू व रबर आकुंचन पावून क्लिप सैल पडते. तर काही भेगा तापल्यावरच उघडतात. म्हणून एकदा थंड आणि एकदा कोमट इंजिनावर अशी दोन वेळा तपासणी करणे श्रेयस्कर.

आतील गळती

काटा उतरतो आणि बाहेर थेंबही दिसत नाही, अशा वेळी हेड गॅस्केटचा किंवा तडा गेल्याचा संशय घ्यावा. तापलेल्या इंजिनातूनही सायलेन्सरवाटे पांढरी दाट वाफ सतत येणे, डिपस्टिकवर दुधाळ तेल दिसणे, तेलाची पातळी आपोआप वाढणे, थंड इंजिन सुरू करताच वरची नळी टणक होणे, ही त्याची लक्षणे होत. मात्र एकाच लक्षणावरून निर्णय करू नये. हिवाळ्यातील सकाळी थोडी वाफ सर्वच गाड्यांतून येते. पावसाळ्यात केवळ जवळच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीच्या तेलाच्या झाकणाखाली पांढरट साका धरतो, तोही निव्वळ बाष्पाचा असू शकतो. कॉम्प्रेशनची चाचणी आणि रेडिएटरमध्ये ज्वलनवायू येतो का, हे रंग बदलणाऱ्या द्रावणाने पाहण्याची चाचणी, या दोहोंचा निष्कर्ष जुळल्यावरच हेड उघडण्यास संमती द्यावी. तेलात पाणी मिसळल्याचे स्पष्ट झाले असेल तर गाडी मुळीच चालवू नये. असे तेल बेअरिंगांचे रक्षण करू शकत नाही. मारुती ८०० सारख्या ॲल्युमिनियमच्या हेडच्या गाड्यांत अतितापाने हेड वाकण्याचा धोका अधिक असतो.

तात्पुरते उपाय आणि त्यांची मर्यादा

रेडिएटरमध्ये हळद टाकून बारीक छिद्र बुजविण्याची युक्ती चालकवर्गात परिचित आहे. आडरानात गाव गाठण्यापुरता तिचा उपयोग होतोही. परंतु जी पूड छिद्र बुजविते तीच रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजविते. म्हणून मुक्कामी पोहोचताच यंत्रणा धुऊन मूळ दोष दूर करावा. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची प्रथाही अशीच. त्यामुळे गळती थांबत नाही. इंजिन मात्र योग्य तापमानास उशिरा पोहोचते, इंधन अधिक लागते आणि झीज वाढते.

दुरुस्तीनंतर विहिरीचे वा बोअरचे जड पाणी न भरता शुद्ध पाणी व कूलंट यांचे उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणातील मिश्रण भरावे. क्षारांचे थर आणि गंज हेच पुढील गळतीचे मूळ असते. त्यानंतरही आठवडाभर वहीतील नोंद चालू ठेवावी. पातळी खुणेवर स्थिर राहिली, तरच दुरुस्ती पूर्ण झाली असे समजावे आणि गॅरेजचे देयक चुकते करताना त्या नोंदीचाच आधार घ्यावा.