प्रोसेसर बंद होताना इंटरप्टची व्यवस्था

बंगळूरपासून सुमारे ३५ किलोमीटरवर, होसकोटे येथे भारतीय खगोलभौतिकी संस्थेचे ‘क्रेस्ट’ हे केंद्र आहे. लडाखमधील हानले येथे सुमारे ४,५०० मीटर उंचीवर असलेली २ मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीण उपग्रह-संपर्काच्या साहाय्याने येथून चालविली जाते. दुर्बिणीला द्यावयाच्या आज्ञा होसकोटेहून जातात आणि आकाशाची चित्रे होसकोटेस येतात. अशी माहिती संगणकाच्या दाराशी आली की प्रोसेसरला तिची खबर कशी लागते? आणि ज्या प्रोसेसरला खबर द्यावयाची, तोच नेमका बंद होत असेल तर?

प्रोसेसर प्रत्येक उपकरणाकडे वारंवार विचारणा करीत बसला, तर त्याचा सारा वेळ विचारण्यातच जाईल. म्हणून उपकरणच त्याला हाक मारते. या हाकेस इंटरप्ट म्हणतात. हाक येताच प्रोसेसर हातातील काम बाजूस ठेवतो, तिची दखल घेतो आणि पूर्वीच्या कामाकडे वळतो. संगणकात अनेक प्रोसेसर असल्यास कोणती हाक कोणी ऐकावयाची, हे कर्नेल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, ठरवितो.

चालू संगणकातील एखादा प्रोसेसर कधी वीज वाचविण्यासाठी, तर कधी तो सदोष वाटल्यामुळे बंद करावा लागतो. लिनक्स कर्नेलची २.६ ही मालिका डिसेंबर २००३ मध्ये निघाली आणि त्या मालिकेत ही सोय आकारास आली. तिच्या घडणीत बंगळूर येथील आयबीएमच्या अभियंत्यांचाही वाटा होता.

प्रोसेसर बंद करताना प्रथम त्याच्यावरील कामे इतरांकडे सोपविली जातात. इंटेल पद्धतीच्या प्रत्येक प्रोसेसरजवळ हाकांसाठी २५६ क्रमांक असतात व त्यांपैकी पहिले ३२ राखीव असतात. तेव्हा उरलेल्या प्रोसेसरांजवळ पुरेसे क्रमांक मोकळे नसतील, तर कर्नेल प्रोसेसर बंद करण्यास नकार देतो. जागा असल्यास सर्व प्रोसेसर क्षणभर थांबवून जाणाऱ्याचे नाव चालू प्रोसेसरांच्या यादीतून काढले जाते आणि त्याच्याकडील प्रत्येक हाकेला नवा पत्ता मिळतो. नेमून दिलेल्यांपैकी कोणीही चालू नसेल, तर अन्य कोणत्याही चालू प्रोसेसरची निवड होते.

खरा धोका यानंतरच आहे. पत्ता बदलण्यापूर्वी निघालेली हाक जुन्याच प्रोसेसरकडे पोहोचते. त्याने इंटरप्ट स्वीकारणे थांबविलेले असल्यामुळे ती त्याच्या रजिस्टरमध्ये नुसती नोंदली जाते. प्रोसेसर तसाच बंद झाला, तर ती नोंदही नाहीशी होईल. पुष्कळ उपकरणे एकाच गोष्टीसाठी दुसऱ्यांदा हाक मारीत नाहीत. डिस्कने चित्र लिहून पूर्ण केलेले असते, परंतु प्रोग्राम मात्र त्या वार्तेची वाट पाहत खोळंबून राहतो. म्हणून कर्नेल सुमारे एक मिलिसेकंद थांबतो, ते रजिस्टर तपासतो आणि राहिलेली हाक नव्या प्रोसेसरकडे पुन्हा उठवितो.

सर्वच हाका अशा हलविल्या जात नाहीत. प्रत्येक प्रोसेसरचा स्वतःचा कालमापक असतो. तो त्याच्याबरोबरच थांबतो. काही उपकरणांत प्रत्येक प्रोसेसरसाठी कामाची वेगळी रांग असते. त्या रांगेचा शेवटचा प्रोसेसर जाताना तिची हाकच बंद ठेवली जाते.

प्रोसेसर परत आला की त्याचा कालमापक सुरू होतो व त्याच्या रांगेची थांबविलेली हाकही पुन्हा चालू होते. परंतु दुसऱ्यांकडे गेलेल्या सामान्य हाका आपोआप परतत नाहीत. त्यांची फेरवाटणी व्यवस्थापकाने किंवा त्यासाठी असलेल्या प्रोग्रामने करावयाची असते. ती न झाल्यास काही प्रोसेसरांवर भार साचतो आणि परतलेला मात्र मोकळा राहतो. म्हणून प्रोसेसर चालू झाला एवढ्यावरून पूर्वीची व्यवस्था परत आली, असे मानता येत नाही.