तुमचा नंबर वन, त्यांचा नंबर वन

पालकहो, तुमच्यापैकी ज्यांची दहावी १९९७ ते २००३ च्या आसपास झाली, त्यांच्याशी आज जरा खासगीत बोलायचंय. घरात केबल आली होती. चॅनेल व्ही आणि एमटीव्ही दिसायला लागले होते. इंग्रजी फारसं कळत नसलं तरी 'बॅकस्ट्रीट बॉईज'मधली पाचही पोरं नावानिशी ओळखता यायची. कॅसेटमधल्या घडीच्या कागदावर शब्द छापलेले नसले, की गाणं थांबवत, रिवाइंड करत, पुन्हा ऐकत वहीच्या शेवटच्या पानांवर उतरवून काढायचं. निम्मे शब्द चुकीचे, पण गाणं तोंडपाठ!

ते दिवस आठवले की चाळिशीतली शहाणीसुरती माणसं काय करतात, हे शाळेच्या बॅचच्या गेट-टुगेदरला जाऊन बघावं. घराचे हप्ते, दुखणारे गुडघे आणि क्लासच्या फिया हे विषय दहा मिनिटांत संपतात आणि कुणीतरी काडी टाकतं. बॅकस्ट्रीट की एनसिंक? ब्रिटनी की क्रिस्टिना? वेस्टलाइफला बॉयझोनच्या वर ठेवायचं का? वेंगाबॉईजना यादीत घ्यायचं की ते फक्त गॅदरिंगच्या नाचापुरते? मग एक जण आपली पहिली पाच गाणी सांगतो, दुसरा ती एकेक करून खोडून काढतो आणि तोवर ताटातलं जेवण गार होतं.

ही भांडणं मला मनापासून आवडतात. माझी तक्रार आहे ती दुसऱ्या दिवशीची. हीच माणसं घरी परततात, मुलीच्या खोलीतून कोरियन गाणं ऐकू येतं आणि तोंडातून आपसूक निघतं, "काय हा धांगडधिंगा! गाणी असावीत तर आमच्या वेळची." संवाद तिथेच संपतो. मुलगी हेडफोन लावते.

मला आज एवढंच सांगायचंय: मुलांशी गाण्यांवरून वाद जरूर घाला, पण मित्रांशी घालता तसा, बरोबरीच्या नात्यानं घाला.

हे क्रमवारीचं वेड काही तुमच्यापासून सुरू झालेलं नाही. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि अमीन सयानींच्या आवाजात गाणी पायदानं चढू-उतरू लागली. तुमच्या आईवडिलांनी, कदाचित आजीआजोबांनीही, बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओला कान लावून ही क्रमवारी वहीत टिपून ठेवली असेल. गावोगावचे श्रोता संघ आपापली पसंती कळवत. आवडतं गाणं एक पायदान खाली आलं की घरात सुतक.

तुमच्या वेळी तोच खेळ अमेरिकेत टीव्हीवर रंगला. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधल्या स्टुडिओतून एमटीव्हीनं १९९८ मध्ये 'टोटल रिक्वेस्ट लाइव्ह' हा कार्यक्रम सुरू केला. शाळा सुटून पोरं घरी यायची, फोन करून किंवा संगणकावरून मत द्यायची आणि त्यावर रोजची पहिली दहा गाणी ठरायची. स्टुडिओच्या खाली रस्त्यावर फलक घेऊन गर्दी उभी. चाहते इतके चिवट, की एखादं गाणं पासष्ट दिवस यादीत टिकलं की त्याला सन्मानानं निवृत्त करायचा नियम करावा लागला. मार्च २००० मध्ये एनसिंकच्या नव्या अल्बमच्या अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात २४ लाख प्रती खपल्या. तो विक्रम पुढे पंधरा वर्षं, म्हणजे ॲडेलचा '२५' हा अल्बम येईपर्यंत, कुणाला मोडता आला नाही. आज तुमची मुलं कुठलं गाणं किती वेळा ऐकलं गेलं याचे आकडे एकमेकांना दाखवतात, तेव्हा ती वेगळं काय करतात?

आता प्रश्न असा, की आपलीच गाणी आपल्याला अव्वल का वाटतात? माणसाच्या आठवणींचा अभ्यास करणाऱ्यांना एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसली आहे. साधारण दहाव्या वर्षापासून पंचविशी-तिशीपर्यंतच्या काळातलं माणसाला जास्त आणि ठसठशीत आठवतं. पहिली मैत्री, पहिलं भांडण, पहिल्यांदा एकट्यानं केलेला प्रवास हे सगळं त्याच वर्षांतलं, आणि मागे कुठलंतरी गाणं वाजत असतं. ते गाणं पुढे ऐकलं, की सोबत ती वर्षंही येतात. आपण पहिला क्रमांक देतो तो पुष्कळदा गाण्यापेक्षा त्या वर्षांना. त्यात गैर काही नाही. फक्त "तुमच्या गाण्यांत दम नाही" असं चौदा वर्षांच्या मुलीला म्हणताना, तिची ती वर्षं आत्ता चालू आहेत, एवढं ध्यानात असावं.

यातली दुसरी बाजू मला अधिक आशादायक वाटते. कॉर्नेल विद्यापीठातल्या कॅरल क्रुमहॅन्सल आणि जस्टिन झुपनिक यांनी २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. विशीतल्या विद्यार्थ्यांना त्यांनी १९५५ पासूनची गाजलेली गाणी ऐकवली. विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या काळातल्या गाण्यांशी त्यांच्या आठवणी जोडलेल्या होत्याच. पण त्यांचे आईवडील तरुण होते त्या काळातल्या गाण्यांशीही त्यांचं वेगळं नातं दिसलं, आणि त्याच्याही मागच्या, साठच्या दशकातल्या गाण्यांशीसुद्धा. घरात, गाडीत, स्वयंपाक करताना जे कानावर पडलं, ते झिरपलं होतं. म्हणजे तुमची गाणी मुलांपर्यंत पोचतातच. मे २०२३ मध्ये बॅकस्ट्रीट बॉईज मुंबईत बीकेसीत गाऊन गेले. ती गाणी तुमच्या घरातल्या मुलांना ठाऊक असतील, तर ती तुमच्याचमुळे. त्यासाठी त्यांच्या गाण्यांना नावं ठेवायची गरज पडली नव्हती.

बरोबरीचा वाद कसा असतो, ते ओळखीच्या एका घरात बघायला मिळालं. बाप-लेक जेवणाच्या टेबलावर आपापली पहिली तीन गाणी मांडून बसले होते. बापाचं पहिलं अर्थात १९९९ चं 'आय वॉन्ट इट दॅट वे'. लेकीचं पहिलं ऑलिव्हिया रॉड्रिगोचं २०२१ मधलं 'ड्रायव्हर्स लायसन्स'.

"बाबा, तुझ्या गाण्याचा अर्थ सांग."

बाबानं घसा साफ केला, दोन ओळी म्हणून बघितल्या आणि थांबला. पंचवीस वर्षांत हा प्रश्न त्याला पडलाच नव्हता. नवरा-बायकोचं भांडण म्हणावं, तर पुढची ओळ उलटंच बोलते. लेकीनं तोवर फोनवर शोधून काढलं होतं, की हे गाणं मॅक्स मार्टिन आणि अँड्रियास कार्लसन या दोन स्वीडिश माणसांनी लिहिलं. इंग्रजी त्यांची मातृभाषा नव्हे. शब्दांचा मेळ बसत नाही म्हणून अर्थ लागेल असा दुसरा मजकूर लिहून तो ध्वनिमुद्रितही झाला होता. पण बँडला पहिलाच आवडला आणि तोच बाजारात आला.

"मग अर्थच नसलेलं गाणं पहिलं कसं?" लेक म्हणाली.

"चालीसाठी," बाबा म्हणाला. "पाच जणांचे आवाज एकेक करून कसे येतात ते ऐक. आणि शेवटी पट्टी बदलून सगळे वर जातात ना, तिथे."

तिनं ऐकलं. "शेवट भारी आहे," म्हणाली, "पण सुरुवात रडकी. आता माझं ऐक. शेवटाकडे जिथे तिचे बरेच आवाज एकावर एक चढतात, तिथे पोटात खड्डा पडतो की नाही सांग." बाबानं डोळे मिटून ऐकलं. दोघांनीही आपापले क्रमांक बदलले नाहीत. पण त्या अर्ध्या तासात मुलीनं मुद्दा मांडला, पुरावा दिला, समोरच्याचं अर्धं मान्य केलं आणि उरलेलं नाकारलं. वक्तृत्व स्पर्धेत हे शिकवायला आपण पैसे भरतो.

तुम्हाला हे करून बघायचं असेल तर एक सोपी वाट सांगते. दोन याद्या करायच्या. 'मला सगळ्यात आवडणारी गाणी' ही एक, आणि 'मला सगळ्यात चांगली बांधलेली वाटणारी गाणी' ही दुसरी. पहिल्या यादीवर कुणी काही बोलायचं नाही, ती ज्याची त्याची. वाद फक्त दुसरीवर. तिथे 'बोअर', 'फालतू', 'ग्रेट' हे शब्द चालणार नाहीत. ठेका, चाल, आवाज, शब्द यांतलं नेमकं काय, ते सांगावं लागेल. मोठ्यांनासुद्धा. आपल्याला कारणं देण्याची सवय किती मोडली आहे, हे पहिल्याच फेरीत कळतं.

मुलींच्या पालकांना आणखी एक सांगायचंय. पोरींना जे आवडतं त्याची टिंगल करायची रीत जुनी आहे. १९६४ मध्ये बीटल्स अमेरिकेत गेले, तेव्हा त्यांच्यासाठी किंचाळणाऱ्या मुलींना वेडगळ ठरवलं गेलं. २००९ मध्ये लिव्हरपूलच्या एका विद्यापीठात त्याच बीटल्सवर एम.ए.चा अभ्यासक्रम सुरू झाला. मुलींना आधी कळलं होतं, एवढंच. क्रिकेटच्या संघनिवडीवर तासभर तावातावानं बोलणाऱ्या मुलाला आपण 'अभ्यासू' म्हणतो आणि 'बीटीएस' या कोरियन गटाच्या गाण्यांची क्रमवारी लावणाऱ्या मुलीला 'नादाला लागलेली'. दोघांची वही शेजारीशेजारी ठेवून बघा. मेहनत तेवढीच दिसेल.

आणि या गाण्यांच्या पोटात शिरलात, तर मुलांशी एरवी बोलायला अवघड वाटणारे विषय आपोआप निघतात. बॅकस्ट्रीट आणि एनसिंकचे चाहते एकमेकांशी हिरिरीनं भांडत होते, तेव्हा दोन्ही बँड फ्लोरिडातल्या ऑरलँडो शहरात उभे करणारा माणूस एकच होता, लू पर्लमन. भांडण कुणीही जिंको, गल्ला त्याचाच. आपल्या कमाईत तो सहाव्या सदस्यासारखा वाटा घेतोय हे कळल्यावर बॅकस्ट्रीटच्या पोरांना १९९८ मध्ये कोर्टाची पायरी चढावी लागली. पुढे गुंतवणूकदारांना फसवल्याबद्दल पर्लमनला २००८ मध्ये पंचवीस वर्षांची शिक्षा झाली आणि २०१६ मध्ये तो कैदेतच वारला. सही करण्यापूर्वी कागद वाचावा, हे मुलांना यापेक्षा चांगलं कसं सांगणार?

ब्रिटनीचं तर विचारूच नका. 'बेबी वन मोअर टाइम' आधी टीएलसी या गटाकडे गेलं होतं. त्यांनी नाकारलं आणि ते ब्रिटनीला मिळालं. १९९८ मध्ये ते आलं, तेव्हा ती सोळा वर्षांची होती. शाळेच्या गणवेशातला तो व्हिडिओ तेव्हा आपण तिच्याच वयाचे होऊन पाहिला. आज आपल्या सोळा वर्षांच्या मुलीशेजारी बसून पाहा, आणि तिला काय दिसतं ते विचारा. पुढे २००८ पासून तिचा पैसा आणि तिचं आयुष्य कोर्टाच्या हुकमानं वडिलांच्या आणि इतरांच्या ताब्यात राहिलं. कार्यक्रम करत होती, कमावत होती, पण निर्णय तिचे नव्हते. नोव्हेंबर २०२१ मध्ये ते बंधन उठलं, आणि हा विषय लावून धरणाऱ्यांत तिचे चाहते पुढे होते. चाहता होणं म्हणजे फक्त नंबर वाढवणं नसतं, माणसाची काळजी करणंही असतं, हे मुलांना या गोष्टीतून कळतं.

पण या खेळात कडूपणाही शिरतो, आणि तिथे मात्र आपण मोठं व्हायचं. आवडत्या गटाचं गाणं वर जावं म्हणून रात्रभर ते फोनवर चालू ठेवणं, दुसऱ्या गटाच्या चाहत्यांना शिव्या देणं, एकाच अल्बमची दोन-तीन रूपं विकत घेणं, हे होतं. कोरियन अल्बममध्ये कलाकारांची छोटी फोटोकार्डं येतात. कुठलं निघेल ते पाकीट फोडेपर्यंत कळत नाही, म्हणून हवं ते मिळेपर्यंत घेत राहायचा मोह होतो. अशा वेळी गाण्याला दोष देऊ नका. झोपेची वेळ आणि महिन्याचे पैसे यांबद्दल सरळ बोला. "हा खर्च केला नाहीस तर तू कमी चाहती ठरतेस, असं तुला कोण सांगतंय?" असं शांतपणे विचारा. उत्तर लगेच येणार नाही, पण प्रश्न डोक्यात राहील.

तेव्हा या रविवारी जेवणानंतर प्रत्येकानं तीन गाणी निवडायची. आजी घरात असेल तर तिचीही गीतमालेतली तीन. एकमेकांची गाणी मध्ये न बोलता पुरती ऐकायची आणि मग मनसोक्त भांडायचं. मुलानं तुमच्या नंबर वनला सहावा क्रमांक दिला, तर कारण विचारा आणि कारण पटलं तर तसं कबूल करा. त्याची यादी तुमच्याहून सगळीच वेगळी निघाली, तरी बिघडलं काही नाही. ती त्याची निघावी म्हणूनच तर विचारलं.