तापातली आकडी आणि आई-बापाची धास्ती

माझी मुलगी दीड वर्षाची असताना तिला तापात पहिली आकडी आली. त्यानंतर आणखीही आल्या. दर वेळी तिचा ताप दोन-तीन दिवसांत उतरायचा, माझी धास्ती मात्र पुढचा ताप येईपर्यंत तशीच असायची. या काळात जे हाती लागलं, ते अशाच घरांतल्या आई-बाबांसाठी लिहितो आहे.

१. पहिली आकडी आल्यावर मुलाला डॉक्टरांना दाखवायचंच, आणि तिथेच सगळं विचारून घ्यायचं. साधारण ६ महिने ते ५ वर्षे वयाच्या १०० मुलांमधल्या २ ते ५ जणांना तापात आकडी येते. बहुतेकदा ती ५ मिनिटांच्या आत आपोआप थांबते. साध्या आकडीने मेंदूला इजा होत नाही, बुद्धीही मंदावत नाही. डोळे फिरलेलं, ताठरलेलं लेकरू मांडीवर असताना यातलं काहीच आठवत नाही, हे मला माहीत आहे. पण नंतर मध्यरात्री मन भलतंसलतं रंगवू लागतं, तेव्हा हीच माहिती आधाराला येते. जवळपास एक तृतीयांश मुलांना आकडी पुन्हा येते, हेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. ‘काही होणार नाही रे’ म्हणणाऱ्यांमुळे मला कधीच धीर आला नाही. पुन्हा आली तर काय करायचं हे पाठ झालं, तेव्हा आला.

२. म्हणून ते कागदावर लिहून फ्रिजवर लावा. कुशीवर वळवायचं. गळ्याशी घट्ट असेल ते सैल करायचं. हातपाय दाबून धरायचे नाहीत. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध काहीही घालायचं नाही. घड्याळ बघायचं. ५ मिनिटांत थांबली नाही, श्वासाला त्रास होतोय असं वाटलं किंवा आकडी थांबूनही मूल शुद्धीवर येईना, तर १०८ला फोन. डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे दिला असेल तर तो कुठल्या खणात आहे, हेही त्याच कागदावर लिहा.

३. घरातल्या प्रत्येकाला एक काम नेमून द्या. मला सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला. आकडी आली की आपल्याकडे कांदा फोडून हुंगवतात, कोणी चप्पल नाकाशी धरतं, कोणी मीठ-मोहरीने दृष्ट काढतं. त्याने आकडी थांबत नाही. पण लेकरू असं पडलेलं असताना हातावर हात धरून बसवत नाही, म्हणून माणसं काहीतरी करू बघतात, आणि ती माया खरी असते. माझ्या आईशी मी वाद घातला नाही. तिला म्हटलं, “आई, घड्याळ तुझ्याकडे. किती मिनिटं झाली ते डॉक्टरांना तूच सांगायचं.” पुढच्या वेळी तिने वेळ बघितली, झटके दोन्ही बाजूंना होते की एकाच, तेही लक्षात ठेवलं आणि दवाखान्यात न अडखळता सांगितलं. डॉक्टरांनी ते शब्दन्‌शब्द लिहून घेतलं. त्यानंतर घरात ताप आला की सगळ्यांनी एकदम बोलणं थांबलं. माझी अर्धी घबराट त्या गलक्याचीच होती.

४. थर्मामीटर रात्रभर उशाशी नको. ताप चढता असतानाच आकडी येऊ शकते, कधी कधी तर अंग गरम आहे हे कळायच्याही आधी. पॅरासिटामॉलने मुलाला आराम पडतो, पण त्याने आकडी टळेलच याची खात्री नाही. हे ऐकून आधी माझे हातपाय गळाले. मग हळूहळू मोकळं वाटू लागलं, कारण माझ्या जागण्यावर तिची आकडी अवलंबून नव्हती. डोस मात्र वजनाप्रमाणे ठरवून घ्या. ड्रॉप्स आणि सिरप यांत औषधाचं प्रमाण वेगळं असतं, त्यामुळे एकाचं माप दुसऱ्याला लावू नका.

५. जागायची पाळी लावा. बायको जागी असेल तेव्हा नवऱ्याने दुसऱ्या खोलीत खरोखर झोपावं.

६. छातीत धडधडू लागलं तर स्वतःला समजावत बसण्यापेक्षा श्वास सावकाश सोडा, आत घेतला त्याहून जास्त वेळ लावून. एवढ्याने बरं वाटतं. ताप जाऊन आठवडे उलटले तरी झोप लागत नसेल, कामात मन लागत नसेल, तर डॉक्टरांशी बोला किंवा १४४१६ हा क्रमांक फिरवा. ही सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा २०२२पासून सुरू आहे, मोफत आहे आणि रात्रीही चालते. आजारी तर मूल होतं, आपण कशाला फोन करायचा, असा विचार मनात आणू नका.

७. आपली भीती मुलाच्या वाट्याला येऊ देऊ नका. पावसात भिजणं, मातीत खेळणं, वाढदिवसाला जाणं बंद करावं असं फार वाटतं. आमच्या डॉक्टरांनी यातलं काहीच बंद करायला सांगितलं नव्हतं. बालवाडीतल्या ताईंना मी फ्रिजवरच्या कागदाची प्रत दिली. सहलीच्या आदल्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. कुशीवर वळवायचं आणि घड्याळ बघायचं, एवढंच त्यांनी पुन्हा विचारून घेतलं. मी हो म्हटलं आणि डब्यात काय द्यायचं ते विचारलं.