सूर सातासमुद्रापार, पण स्वामित्वधनाचे काय?

— द्वितीय वर्ष, कला

इ.स. १८४७ मधील गोष्ट. पॅरिसमधील एका कॅफेत अर्नेस्ट बुर्जे हा गीतकार आपल्या संगीतकार मित्रांसह बसला होता आणि तेथील वादक त्यांच्याच रचना वाजवीत होते. बिल पुढे येताच त्यांनी पैसे देण्यास नकार दिला. आमच्या गाण्याचे दाम तुम्ही देत नाही, मग तुमच्या पेयाचे दाम आम्ही का द्यावे, असा त्यांचा सवाल होता. प्रकरण न्यायालयात गेले व निकाल कलावंतांच्या बाजूने लागला. पुढे १८५१ मध्ये ‘सासेम’ ही संस्था स्थापन झाली. गाणे वाजले की ते रचणाऱ्यास मिळणारा मोबदला म्हणजेच रॉयल्टी अथवा स्वामित्वधन होय.

आज कोणत्याही कंपनीचा आधार न घेता स्वतःच गाणे ध्वनिमुद्रित करणारे तरुण गावोगावी दिसतात. त्यांचे गाणे लंडनच्या रेडिओवर लागले किंवा अमेरिकेतील मराठी माणसाने मोबाइलवर ऐकले, तर त्याचे पैसे त्यांच्यापर्यंत कसे पोहोचतात, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. पहिली गीताची व चालीची, ती गीतकार-संगीतकारांची. दुसरी ध्वनिमुद्रणाची, ती ज्याने खर्च करून ते तयार केले त्याची, आणि तिच्या उत्पन्नात गायक-वादकांचाही वाटा असतो. स्वतंत्र कलावंत पुष्कळदा ही सारी कामे एकटाच करतो. परंतु पैसे येण्याच्या वाटा वेगवेगळ्याच राहतात आणि गल्लत होते ती येथेच. गाणे इंटरनेटवर पोहोचविणारा वितरक जे पैसे पाठवितो, ते सामान्यतः केवळ ध्वनिमुद्रणाचे असतात.

गीत व चालीच्या पैशांसाठी भारतात १९६९ मध्ये स्थापन झालेली ‘इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी’ ही मुंबईची संस्था आहे. परदेशांतील अशाच संस्थांशी तिचे परस्पर करार आहेत. तिकडे गाणे वाजले की तेथील संस्था पैसे गोळा करून इकडे पाठविते. मात्र कलावंत सभासद हवा आणि त्याचे प्रत्येक गाणे नोंदलेले हवे.

ध्वनिमुद्रणाचे प्रक्षेपण झाले तर ब्रिटनमध्ये ‘पीपीएल’ आणि अमेरिकेत ‘साउंडएक्सचेंज’ या संस्था पैसे वसूल करतात. इंटरनेट रेडिओसारख्या डिजिटल प्रक्षेपणाच्या दर १०० डॉलरपैकी साउंडएक्सचेंज ५० मालकास, ४५ मुख्य कलावंतास व ५ साथीदारांच्या निधीस देते. नवलाची गोष्ट अशी की, अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणे लागल्यास गीतकार-संगीतकारास पैसे मिळतात, गायकास मात्र कायद्याने काहीच मिळत नाही!

१८८६ च्या बर्न करारानुसार सभासद देशांत स्वामित्वहक्क मिळण्यासाठी नोंदणीची अट नाही. मग एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. हक्क नोंदणीवाचून मिळतो, पैसा मिळत नाही, हेच त्याचे उत्तर. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेले नव्हते. तरी सातबाऱ्यावर नाव चढले नसेल तर धरणात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी किती खेटे घालावे लागतात, हे सर्वांना ठाऊक होते. गाण्याचेही तसेच आहे. २०२१ मध्ये अमेरिकेतील ‘मेकॅनिकल लायसन्सिंग कलेक्टिव्ह’ या संस्थेकडे स्ट्रीमिंग कंपन्यांनी ४२ कोटी डॉलरहून अधिक रक्कम सुपूर्द केली. गाणी ऐकली गेली होती, पैसे साठले होते. पण त्यांचे धनी कोण, हे जुळत नव्हते.

म्हणून स्वतंत्र कलावंताने गाणे प्रसिद्ध करण्यापूर्वीच गीतकार, संगीतकार व गायक यांचे हिस्से कागदावर लिहून घ्यावेत. सर्व ठिकाणी आपले नाव एकाच पद्धतीने लिहावे. प्रत्येक ध्वनिमुद्रणास मिळणारा ‘आयएसआरसी’ हा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक जपून ठेवावा. अमेरिकेतून येणाऱ्या स्वामित्वधनावर एरवी ३० टक्के कर कापला जातो. योग्य फॉर्म भरल्यास भारत-अमेरिका करारामुळे तो १५ टक्क्यांवर येतो.

भारतीय कायद्याने गीत व चालीवरील हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे आज भरलेला एक फॉर्म उद्या नातवंडांच्याही उपयोगी पडू शकतो. आपल्याकडे शाहिरांच्या आणि गोंधळ्यांच्या कितीतरी पिढ्या मिळेल त्या बिदागीवर समाधान मानून गेल्या. त्यांच्या लेकरांनी आता सुरांबरोबर कागदही सांभाळावा, एवढेच सुचवावेसे वाटते.