सेवांची वेस : एपीआय गेटवेची उभारणी आणि दक्षता

वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व परिसरातील अनेक ग्रामपंचायती एकत्र करून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन करण्यात आली. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांहून अधिक नोंदली गेली. पुढे १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला आणि वसई तालुका नव्या जिल्ह्यात समाविष्ट झाला. अवघ्या पाच वर्षांत या भागाची प्रशासकीय रचना दोनदा बदलली. कार्यालयावरील फलक एका दिवसात बदलता येतो. कार्यालयातील दप्तर एकसूत्री होण्यास मात्र दीर्घकाळ लागतो. दप्तर संगणकावर गेले, म्हणून हा नियम बदलत नाही.

या शहरातील एखाद्या कुटुंबाचा विचार करावा. घराचा मालमत्ता कर आणि मुलाचा जन्मदाखला महानगरपालिकेकडे, उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयाकडे, सातबाराचा उतारा भूमी अभिलेख विभागाकडे, तर विजेचे देयक महावितरणकडे. प्रत्येकाची संगणक प्रणाली निराळी, निराळ्या काळी आणि निराळ्या पद्धतीने उभारलेली. नागरिकाच्या दृष्टीने मात्र शासन एकच असते. कोणती नोंद कोणत्या संगणकावर आहे, हे शोधण्याचे काम त्याचे नव्हे. रोज पहाटेची लोकल गाठून मुंबईस कामाला जाणाऱ्या माणसाचा एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी होय. अनेक प्रणाली आणि एक नागरिक यांच्यामध्ये जी तांत्रिक रचना उभी करता येते, तिला ‘एपीआय गेटवे’ असे म्हणतात. तिची कामे, उभारणीचा क्रम आणि तीत घ्यावयाची दक्षता यांचा येथे परिचय करून दिला आहे.

एपीआय आणि गेटवे

एका संगणक प्रणालीने दुसरीकडे माहिती कशी मागावी आणि दुसरीने ती कोणत्या स्वरूपात द्यावी, याविषयी आधी ठरवून ठेवलेली पद्धत म्हणजे एपीआय. कार्यालयातील छापील अर्जाचा नमुना जे काम करतो, तेच काम येथे होते. कोणते रकाने भरावयाचे आणि उत्तर कसे मिळेल, हे दोन्ही पक्षांना ठाऊक असते; आतील कारकुनाने कपाट कसे लावले आहे, हे अर्जदारास ठाऊक असण्याचे कारण नसते. भारत सरकारने खुल्या एपीआयविषयीचे धोरण २०१५ मध्ये जाहीर केले. शासकीय प्रणालींनी एकमेकींशी सुरळीतपणे माहितीची देवाणघेवाण करावी, हा त्यामागील हेतू होता.

एपीआय वाढत गेले की नवा प्रश्न निर्माण होतो. दहा सेवांचे दहा पत्ते, दहा प्रकारची ओळखपत्रे आणि दहा प्रकारचे नियम नागरिकाच्या मोबाइलमधील अॅपने लक्षात ठेवावयाचे काय? एखादी सेवा नव्या सर्व्हरवर हलविली तर सर्वांनी आपले अॅप बदलावयाचे काय? या प्रश्नाचे उत्तर गावाच्या वेशीत सापडते. गावात शिरणाऱ्या सर्वांनी एकाच वेशीतून यावे, तेथे त्यांची विचारपूस व्हावी आणि मग ज्याला ज्या आळीत जावयाचे तिकडे त्यास पाठवावे. गेटवे ही अशी वेस होय. बाहेरून येणारी प्रत्येक विनंती प्रथम तेथे पोहोचते, तेथून ती योग्य त्या अंतर्गत सेवेकडे जाते आणि सेवेचे उत्तर त्याच वाटेने परत येते.

उभारणीचा क्रम

पहिले काम यंत्राचे नसून कागदाचे आहे. कोणकोणत्या सेवा आहेत, त्या कोणत्या सर्व्हरवर चालतात, त्यांचा जबाबदार अधिकारी कोण आणि त्या बंद पडल्यास किती काळ चालू शकेल, याची यादी प्रथम तयार करावी. ज्या सेवेस कोणी वाली नाही, तिला वेशीतून वाट देऊ नये.

दुसरे काम मार्गांच्या आखणीचे. ‘मालमत्ता-कर’ या शब्दाने सुरू होणाऱ्या सर्व विनंत्या कर विभागाच्या सर्व्हरकडे, ‘जन्म-मृत्यू’ने सुरू होणाऱ्या नोंदणी विभागाकडे, अशी सारणी करावी. मार्गाची नावे नागरिकाच्या कामावरून ठेवावीत; सर्व्हरच्या किंवा पुरवठादाराच्या नावावरून ठेवू नयेत. सर्व्हर बदलतो, काम बदलत नाही. प्रत्येक मार्गात आवृत्तीचा क्रमांकही असावा. त्यायोगे नवी पद्धत सुरू करतानाही जुनी अॅप्स काही काळ चालू ठेवता येतात.

तिसरे काम प्रत्यक्ष मांडणीचे. २००४ मध्ये सर्वांसाठी खुला झालेला एनजिनएक्स हा सर्व्हर या कामासाठी जगभर वापरला जातो. काँगसारखे खास गेटवेही मुक्त स्वरूपात उपलब्ध आहेत. एनजिनएक्समध्ये ‘अपस्ट्रीम’ या विभागात अंतर्गत सर्व्हरचे पत्ते आणि ‘लोकेशन’ या विभागात मार्ग व त्याचे गंतव्य लिहितात. येथे नवशिक्याचा हमखास गोंधळ होतो तो एका तिरप्या रेघेने. गंतव्याच्या पत्त्यापुढे तिरपी रेघ दिली, तर मार्गाचा जुळलेला भाग गाळून उरलेला भाग पुढे पाठविला जातो. ती न दिल्यास संपूर्ण मार्ग जसाच्या तसा जातो. सर्व्हर चालू, गेटवेही चालू आणि तरी ‘४०४’ म्हणजे ‘पत्ता सापडला नाही’ असे उत्तर येते, तेव्हा प्रथम ही रेघ तपासावी.

चौथे काम ओळख पटविण्याचे. येथे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत : विनंती करणारा कोण, आणि जे तो मागतो ते मागण्याचा त्यास अधिकार आहे काय. पहिल्याचे उत्तर न मिळाल्यास ‘४०१’ आणि दुसऱ्याचे नकारार्थी असल्यास ‘४०३’ असा संकेत द्यावा. ओळखीचे टोकन खरे आहे व त्याची मुदत संपलेली नाही, एवढे वेशीवर पाहता येते. परंतु अमुक मालमत्तेचा तपशील अमुक व्यक्तीस दाखवावा की नाही, हा निर्णय कर विभागाच्या सेवेनेच घ्यावा. वेशीवरच्या पहारेकऱ्याकडे प्रत्येक घराची किल्ली देण्यात शहाणपण नाही.

पाचवे काम मर्यादांचे. एनजिनएक्समध्ये अंतर्गत सेवेच्या उत्तराची वाट पाहण्याचा काळ, वेगळे काही न सांगितल्यास, ६० सेकंद असतो. एक सेवा मंदावली आणि हजारो विनंत्या मिनिटभर तिष्ठत राहिल्या, तर इतर सेवांच्या विनंत्यांनाही जागा उरत नाही. म्हणून प्रत्येक सेवेच्या स्वरूपानुसार हा काळ ठरवावा. आणि एखादी सेवा वारंवार अपयशी ठरत असेल, तर तिच्याकडे जाणारी वाट काही क्षण बंद ठेवून ‘सेवा तूर्त उपलब्ध नाही’ असे तत्काळ सांगावे. घरातील वीजमंडलात बिघाड होताच एमसीबी खाली पडतो व उरलेले घर वाचते, तसाच हा प्रकार आहे.

गर्दीचा धडा

मर्यादा कशासाठी, हे २०२१ च्या अनुभवाने देशास दाखवून दिले. १८ वर्षांवरील सर्वांसाठी कोविड लसीकरणाची नोंदणी ‘को-विन’ प्रणालीवर २८ एप्रिल २०२१ रोजी दुपारी ४ वाजता खुली झाली. प्रारंभी अनेकांना अडचणी आल्या. तरीही पहिल्याच दिवशी सव्वा कोटीहून अधिक नोंदणी झाली. या प्रणालीचे काही एपीआय केंद्र शासनाच्या ‘एपीआय सेतू’ या मंचावरून सर्वांसाठी खुले होते. त्यांवर एका इंटरनेट पत्त्यावरून ५ मिनिटांत १०० विनंत्या अशी मर्यादा घालण्यात आली. उपलब्ध जागांची माहिती साठवून ठेवलेली असल्याने ती ३० मिनिटांपर्यंत जुनी असू शकेल, असेही त्या वर्षीच्या मे महिन्यात जाहीर करण्यात आले.

या दोन्ही उपायांत लाभ आहे, तशी किंमतही आहे. साठवलेले उत्तर दिल्याने अंतर्गत सर्व्हरवरील भार हलका होतो. परंतु ज्या जागा काही मिनिटांत संपतात, त्यांविषयीची अर्ध्या तासापूर्वीची माहिती मागणाऱ्याच्या फारशी उपयोगी पडत नाही. म्हणून कार्यालयाची वेळ, शुल्काचे दर अशी क्वचित बदलणारी माहिती साठवावी. अर्जाची सद्यःस्थिती अथवा थकबाकीची रक्कम साठवू नये.

मर्यादा कोणावर घालावी, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे. नालासोपाऱ्यातील एखाद्या सेवा केंद्रात दिवसभरात शंभर नागरिकांचे अर्ज एकाच इंटरनेट पत्त्यावरून जातात. मोबाइल कंपन्याही पुष्कळदा अनेक ग्राहकांना एकच बाह्य पत्ता देतात. केवळ पत्ता मोजला, तर ज्यांच्याकडे स्वतःचे संगणक नाहीत त्यांच्यावरच अन्याय होतो. यास्तव नोंदणीकृत केंद्रास स्वतंत्र टोकन देऊन त्यानुसार मोजणी करावी. मर्यादा ओलांडल्यास ‘४२९’ हा संकेत आणि पुन्हा केव्हा प्रयत्न करावा, ही सूचना दोन्ही द्यावीत.

अर्धवट राहिलेला व्यवहार

नागरिकाने मालमत्ता कर भरण्यासाठी कळ दाबली. कर विभागाच्या सर्व्हरने रक्कम नोंदविली. पण उत्तर परत येण्यापूर्वी गेटवेची मुदत संपली. नागरिकास ‘५०४’ असा संकेत दिसला. त्याने साहजिकच पुन्हा कळ दाबली. अशा वेळी एकाच कराची रक्कम दोनदा जाण्याचा धोका असतो. गेटवेनेच आपण होऊन विनंती पुन्हा पाठविली, तर हा धोका नागरिकाच्या नकळत निर्माण होतो.

यावरील उपाय सोपा आहे. माहिती वाचण्याची विनंती पुन्हा पाठविण्यास हरकत नाही. रक्कम भरण्याची अथवा अर्ज दाखल करण्याची विनंती गेटवेने स्वतःहून कधीही पुन्हा पाठवू नये. शिवाय अशा प्रत्येक व्यवहारास अॅपनेच एक अनन्य क्रमांक द्यावा. तोच क्रमांक पुन्हा आल्यास सेवेने नवी नोंद न करता पहिल्याच पावतीची प्रत परत द्यावी.

दरवाजा आणि तट

वसईच्या किल्ल्यास जमिनीच्या बाजूचा आणि समुद्राच्या बाजूचा असे दोन मुख्य दरवाजे आहेत. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेपुढे हा किल्ला शरण आला तो दरवाजा उघडला म्हणून नव्हे, तर सुरुंगांनी तटबुरुजांना खिंडारे पडली म्हणून. संगणक प्रणालीच्या रक्षणातही हीच गोष्ट ध्यानी घ्यावी लागते. वेशीवर कितीही कडक तपासणी ठेवली आणि अंतर्गत सर्व्हरचा पत्ता मात्र इंटरनेटवरून थेट उघडता येत असला, तर ती तपासणी व्यर्थ होय. चाचणीसाठी तात्पुरती उघडलेली आणि पुढे विसरली गेलेली वाट हे अशा खिंडाराचे नित्याचे रूप आहे.

म्हणून अंतर्गत सर्व्हर खासगी जाळ्यात ठेवावेत आणि त्यांनी केवळ गेटवेकडून आलेली विनंती स्वीकारावी. गेटवे आणि सेवा यांमधील संदेशही सांकेतिक स्वरूपातच जावेत. मूळ विनंती कोणत्या पत्त्यावरून आली, हे गेटवे एका शीर्षकात लिहून पुढे पाठवितो. बाहेरच्याने हे शीर्षक आधीच भरून पाठविले असल्यास ते पुसून टाकावे.

दुसरी दक्षता वेशीच्या एकटेपणाविषयी आहे. सर्व सेवांना एकच वाट असेल आणि तीच बंद पडली, तर आतील सर्व सर्व्हर सुस्थितीत असूनही शहराचे काम थांबते. यास्तव किमान दोन गेटवे, शक्य तर दोन निराळ्या ठिकाणी, असावेत. मुसळधार पावसात पाणी तुंबण्याचा अनुभव ज्या शहरास आहे, तेथे तर दोन्ही यंत्रे एकाच इमारतीच्या तळमजल्यावर ठेवणे कदापि हिताचे नाही. दुसरा गेटवे खरोखरच भार उचलतो काय, याची चाचणी पहिला मुद्दाम बंद करून नियमितपणे घ्यावी.

नोंदवही आणि नागरिकाचा हक्क

महाराष्ट्रात २८ एप्रिल २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदा लागू आहे. अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळणे हा पात्र व्यक्तीचा हक्क आहे. अर्जाची पोच, दोन विभागीय अपिले, त्यानंतर आयोगाकडे तिसरे अपील आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड, अशी तीत तरतूद आहे. या हक्काचा पाया अर्ज केव्हा मिळाला, या एका नोंदीवर उभा असतो. अर्ज वेशीपर्यंत आला, परंतु आतील सेवेपर्यंत पोहोचलाच नाही आणि नागरिकास काहीच कळविले गेले नाही, तर तो अपील कशाच्या आधारे करणार?

म्हणून गेटवेवर येणाऱ्या प्रत्येक विनंतीस क्रमांक द्यावा. ती केव्हा आली, कोठे पाठविली, काय संकेत मिळाला आणि किती वेळ लागला, हे नोंदवावे. तोच क्रमांक अंतर्गत सेवेच्या नोंदवहीतही उमटावा आणि अपयश आल्यास नागरिकाच्या पडद्यावरही दिसावा. मात्र आधार क्रमांक, संकेतशब्द अथवा टोकन या नोंदवहीत लिहू नयेत. २०२३ मध्ये संसदेने संमत केलेल्या वैयक्तिक विदा संरक्षणाच्या कायद्याने माहिती बाळगणाऱ्यावर तिच्या रक्षणाची जबाबदारी टाकली आहे.

सर्व सेवा एका दिवसात वेशीमागे आणण्याचा आग्रह धरू नये. प्रथम केवळ वाचनाची, कमी जोखमीची एखादी सेवा आणावी. काही आठवडे तिच्या नोंदी अभ्यासाव्यात. मग पैशाच्या व्यवहाराकडे वळावे. पूर्वीची वाट बंद करण्याची तारीख मात्र प्रारंभीच ठरवावी. कारण नवी वेस उभी राहिली आणि जुनी वाटही उघडीच राहिली, तर खर्च दुप्पट होतो व रक्षण निम्मेही होत नाही.

गेटवेमुळे कोणताही दाखला आपोआप तयार होत नाही. तो आतील सेवा व तेथील माणसेच तयार करतात. प्रत्येक विनंतीस योग्य वाट मिळावी, ती वाटेत हरवू नये आणि तिचे काय झाले हे विचारणाऱ्यास खरे उत्तर मिळावे, इतकेच काम वेशीचे आहे. हे काम चोख झाले, तर नागरिकाचा एक खाडा वाचतो. ते ढिसाळ झाले, तर सर्व सेवा एकाच वेळी त्याच्यापासून दूर जातात.