संकेतस्थळाचे टोकन : कुकीज आणि तुमचे खाते

मुदत ठेवीचा व्याजदर पाहण्यासाठी तुम्ही मोबाइलवर एखादे संकेतस्थळ उघडता. दर दिसण्याआधीच खालून एक पट्टी वर येते : 'आम्ही कुकीज वापरतो. स्वीकारा.' घाईत अंगठा 'स्वीकारा'वर पडतो आणि पट्टी निघून जाते. आपण नेमके काय स्वीकारले, हे मात्र बहुतेकांना ठाऊक नसते. कोणी सांगते की कुकीमुळे खात्यातले पैसे जातात. कोणी सांगते की त्याने काहीच होत नाही. या दोन्ही गोष्टी अर्धवट आहेत. कुकी काय करते, काय करू शकत नाही आणि बचतदाराने कोणती काळजी घ्यावी, हे या पाठात पाहू.

कुकी म्हणजे काय?

बँकांत संगणक येण्यापूर्वीची पैसे काढण्याची पद्धत आठवा. काउंटरवर चेक किंवा पैसे काढण्याची स्लिप दिली की कारकून एक पितळी टोकन हातात देत असे. त्यावर तुमचे नाव नसे, फक्त एक नंबर असे. रोखपालाने नंबर पुकारला की टोकन दाखवून पैसे घ्यायचे.

कुकी हे असेच टोकन आहे. संकेतस्थळ तुमच्या ब्राउझरला (म्हणजे क्रोम, सफारी, फायरफॉक्स यांसारख्या ॲपला) अक्षरे व आकड्यांचा एक छोटा मजकूर देते. ब्राउझर तो जपून ठेवतो आणि तुम्ही त्या संकेतस्थळाचे पुढचे पान उघडता तेव्हा परत दाखवतो. त्यावरून संकेतस्थळ ओळखते, की मघाशी आलेली व्यक्ती हीच.

याची गरज पडली, कारण इंटरनेटवर प्रत्येक पानाची मागणी स्वतंत्र असते. टोकन नसेल तर तुम्ही पासवर्ड देऊन आत गेलात, 'शिल्लक पाहा' दाबले, की संकेतस्थळ पुन्हा विचारेल, 'तुम्ही कोण?' ही अडचण सोडवण्यासाठी १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी कुकीची पद्धत तयार केली. ऑनलाइन दुकानात ग्राहकाने टोपलीत काय काय टाकले, हे लक्षात राहावे, हा तेव्हाचा हेतू होता.

कुकी हा निव्वळ मजकूर आहे, तो प्रोग्रॅम नव्हे. ती स्वतःहून काही चालवत नाही, तुमचे एसएमएस किंवा फोटो वाचत नाही. एका संकेतस्थळाची कुकी ब्राउझर दुसऱ्या संकेतस्थळाला दाखवत नाही.

कुकीचे तीन प्रकार

१. तात्पुरती कुकी : बँकेच्या संकेतस्थळावर लॉग इन केल्यावर मिळते. काम संपले की तिची मुदतही संपते. काही मिनिटे काहीच केले नाही तर बँक तुम्हाला बाहेर काढते, तेव्हा हेच टोकन रद्द झालेले असते.

२. मुक्कामी कुकी : निवडलेली भाषा किंवा 'मला लक्षात ठेवा' ही खूण यांसाठी ती महिनोन् महिने राहते. क्रोममध्ये कोणत्याही कुकीची मुदत जास्तीत जास्त ४०० दिवस असू शकते.

३. तिऱ्हाइताची कुकी : तुम्ही उघडलेल्या संकेतस्थळाची नव्हे, तर त्या पानावर जाहिरात लावणाऱ्या कंपनीची कुकी. शंभर दुकानांच्या कोपऱ्यात एकाच मालकाची माणसे वही घेऊन बसली आहेत, असे समजा. तुम्ही कोणत्या दुकानात काय पाहिले, हे प्रत्येक जण टिपतो आणि रात्री सगळ्या वह्या एकत्र होतात. नाव माहीत नसले तरी 'हा माणूस ठेवीचे दर पाहतो, सोनेतारण कर्जाची चौकशी करतो' हे कळते.

पहिल्या दोन प्रकारांवाचून बँकेचे संकेतस्थळ नीट चालणार नाही. तिसऱ्या प्रकाराचा तुम्हाला विशेष उपयोग नाही.

बचतदाराला धोका कुठे?

पहिला धोका : टोकन दुसऱ्याच्या हाती पडणे. पितळी टोकन ज्याच्या हाती, त्याला रोखपाल पैसे देई. कुकीचेही तसेच आहे. सायबर कॅफेत, कार्यालयातल्या सामायिक संगणकावर किंवा नातेवाइकाच्या फोनवर तुम्ही लॉग इन केले आणि नुसतीच खिडकी बंद केली, तर ते टोकन खिशात ठेवून बँकेबाहेर पडण्यासारखे झाले. टोकन अजून चालू असू शकते. 'लॉग आउट' दाबणे म्हणजे टोकन काउंटरवर परत देणे.

बँकेचे सत्र लवकर संपते, म्हणून याबाबतीत ई-मेलची काळजी अधिक घ्यावी लागते. ई-मेल खाते एकदा उघडले की महिनोन् महिने उघडेच राहते. त्यात खात्याची विवरणपत्रे, पॅनची प्रत, विम्याची कागदपत्रे असतात आणि अनेक सेवांचे पासवर्ड बदलण्याचे दुवेही तिथेच येतात.

संगणकावर चोरटी, फुकटची सॉफ्टवेअर टाकली तर त्यांतील काही ब्राउझरमधली टोकनेच उचलून नेतात. चोराला मग पासवर्ड किंवा ओटीपी विचारला जात नाही, कारण टोकन सांगते की हा माणूस आधीच आत आलेला आहे. अशी शंका आली तर नुसता पासवर्ड बदलून थांबू नका. दुसऱ्या, खात्रीच्या उपकरणावरून ई-मेलच्या सुरक्षा सेटिंगमध्ये जा, 'तुमची उपकरणे' ही यादी पाहा आणि अनोळखी उपकरणे साइन आउट करा. त्यामुळे चोरलेले टोकन निकामी होते.

दुसरा धोका : जाहिरातीचे जाळे. समजा, तुमची २ लाख रुपयांची मुदत ठेव पुढच्या आठवड्यात पूर्ण होत आहे. तुम्ही दोन-चार ठिकाणी दर पाहिले. संध्याकाळी पाककृती पाहताना किंवा क्रिकेटचा स्कोअर पाहताना जाहिरात दिसते : 'महिन्याला ३ टक्के खात्रीचा परतावा'. हा योगायोग नसू शकतो. तुमच्याकडे गुंतवायला पैसे येत आहेत, असा अंदाज वहीवाल्याने बांधलेला असतो. कुकीने पैसे नेले नाहीत, पण ज्याला तुमचे पैसे हवे आहेत त्याला तुमच्यापर्यंत आणून सोडले.

अशा वेळी हिशेब करा. महिन्याला ३ टक्के म्हणजे साध्या व्याजानेही वर्षाला ३६ टक्के. कोणतीही बँक ठेवीवर असा दर देत नाही. शिवाय बँकेतील ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत, व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण असते. अशा योजनेला ते नसते. ठेव घेण्याचा अधिकार त्या संस्थेला आहे का, हे रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' या पोर्टलवर तपासा. संशय आला तर तक्रारही तिथेच नोंदवता येते.

कुकीजवर ताबा कसा ठेवावा?

पट्टी आली की : 'सर्व स्वीकारा' दाबण्यापूर्वी 'नाकारा' किंवा 'पसंती निवडा' हा पर्याय शोधा. बहुधा तो फिक्या रंगात किंवा लहान अक्षरांत असतो. 'आवश्यक' कुकीज राहू द्या. 'जाहिरात' किंवा 'मार्केटिंग' असे लिहिलेल्या बंद करा. त्यामुळे दर पाहायला किंवा अर्ज भरायला सहसा अडचण येत नाही.

क्रोममध्ये : वरच्या कोपऱ्यातील तीन ठिपके, मग सेटिंग्ज, मग 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' असे जा. तिथे 'थर्ड पार्टी कुकीज' बंद करण्याचा पर्याय आहे. गूगलने या कुकीज क्रोममधून काढून टाकण्याचे २०२० मध्ये जाहीर केले होते, पण पुढे तो बेत सोडला. म्हणून हे बटण तुम्हालाच दाबावे लागते.

आयफोनच्या सफारीत : तिऱ्हाइतांच्या कुकीज २०२० पासून मुळातच अडवलेल्या असतात. सेटिंग्जमध्ये सफारीखाली 'प्रिव्हेंट क्रॉस साइट ट्रॅकिंग' चालू आहे ना, एवढे पाहा.

जुन्या कुकीज पुसताना : क्रोमच्या त्याच यादीत 'डिलीट ब्राउझिंग डेटा' आहे. त्यात 'कुकीज अँड साइट डेटा' निवडा. मात्र यामुळे बऱ्याच संकेतस्थळांवरून तुम्ही बाहेर पडाल, आणि बँक तुमचा ब्राउझर नवा समजून जादा पडताळणी मागू शकेल. म्हणून आधी पासवर्ड माहीत असल्याची खात्री करा. पैसे भरण्याच्या शेवटच्या दिवशी हे काम काढू नका.

दुसऱ्याच्या उपकरणावर : शक्यतो बँकेचे काम करूच नका. अगदीच नड असेल तर 'इन्कॉग्निटो' म्हणजे गुप्त खिडकी वापरा. त्या सगळ्या खिडक्या बंद केल्या की तिथल्या कुकीज पुसल्या जातात. पण गुप्त खिडकी तुम्हाला संकेतस्थळापासून लपवत नाही आणि संगणकात आधीच बसलेला व्हायरस अडवत नाही. काम झाल्यावर 'लॉग आउट' करायचेच.

पत्ता पाहा : खोट्या संकेतस्थळावर कुकीची कोणतीही सेटिंग तुम्हाला वाचवणार नाही. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर नेण्यास सांगितले होते. पत्त्याचा शेवट असा आहे ना, हे पाहूनच पासवर्ड टाका.

तुमची संमती, तुमचा हक्क

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. या कायद्यानुसार तुमची संमती मोकळेपणाने, समजून आणि ठरावीक कामापुरती दिलेली असली पाहिजे. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय देणेही बंधनकारक केले आहे. इंदूर, बडोदा किंवा बेळगावच्या मराठी खातेदारालाही ही सूचना मराठीत मागता येईल. न समजलेल्या मजकुराखाली आपण सही करत नाही; तोच नियम 'स्वीकारा'च्या बटणाला लावा.

तरीही पैसे गेले तर

लगेच बँकेला कळवा आणि खाते किंवा कार्ड बंद करायला सांगा. १९३० या राष्ट्रीय सायबर मदतक्रमांकावर फोन करा. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा तिऱ्हाइताच्या गैरव्यवहाराबाबत रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने नियम घालून दिला : बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर नुकसान खातेदारावर पडत नाही. पण पासवर्ड किंवा ओटीपी तुम्ही स्वतः कोणाला दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान तुमच्यावर पडते. म्हणून एसएमएस न वाचता सोडू नका.

लक्षात ठेवा

• काम संपले की 'लॉग आउट' करा. खिडकी बंद करणे पुरेसे नाही.
• आवश्यक कुकीज ठेवा, जाहिरातीच्या नाकारा.
• ई-मेल कोणकोणत्या उपकरणांवर उघडे आहे, हे महिन्यातून एकदा तपासा.
• दर पाहिल्यावर मागे लागलेल्या जाहिरातीवरून पैसे गुंतवू नका.

स्वतःला विचारून पाहा

१. काल तुम्ही भाच्याच्या लॅपटॉपवर ई-मेल उघडले होते. लॉग आउट केले होते का, ते आठवत नाही. आता स्वतःच्या फोनवरून काय कराल?

२. 'सर्व कुकीज पुसल्या, आता कोणी फसवू शकत नाही,' असे शेजारी म्हणतात. त्यांना काय सांगाल?

उत्तरे : (१) ई-मेलच्या सुरक्षा सेटिंगमधील उपकरणांच्या यादीतून तो लॅपटॉप साइन आउट करीन. (२) कुकीज पुसल्याने पाळत कमी होते. पण खोटे संकेतस्थळ, ओटीपी मागणारा फोन आणि भरमसाट परताव्याचे आमिष यांपासून आपल्यालाच सावध राहावे लागते.